एका दिवसापुरतं कपाट

९ जानेवारी १९९५

लालासाहेब सरपंच आज स्वतः चालत आमच्या वस्तीत! विहाराच्या बाहेरच उभे राहिले. आत या म्हटलं, तर गुडघे दुखतात म्हणे. विहारातल्या आमच्या वाचनालयाला सरकारी मान्यता हवी, तर तपासनीस येऊन बघणार. "हितं विहारात दावलं तर सायब म्हणंल, ह्ये एका समाजाचं. कपाट एक दिस मारुतीच्या देवळातल्या हॉलात ठिवूया, पोरी. गावाचं म्हणून नाव हुईल."

गावाचं! प्रबुद्ध आणि मी दारोदार फिरून पुस्तकं मागितली, रोज संध्याकाळी आळीपाळीनं दार उघडलं, तेव्हा हे गाव कुठं गेलं होतं कुणास ठाऊक. प्रबुद्ध माझा चुलतभाऊ. भाबडा. म्हणतो, "मान्यता आली की दरसाल नवी पुस्तकं येतील, ताई."

११ जानेवारी

वरच्या आळीला वाचायचं नसतं असं नाही हं. लय वाचतात! तानुबाई कासारीण बांगड्यांच्या टोपलीतून आमच्या कादंबऱ्या वर नेते आणि वाचून झाल्या की परत आणते. पुस्तकाला विटाळ नाही, आमच्या उंबऱ्याला आहे. सरपंचांची सून अंकिता तर सगळ्यांत हावरी. निरोप धाडते — "रडणाऱ्या बाईचं नको, भांडणाऱ्या बाईचं द्या." तिच्याशी मी कधी बोललेलीसुद्धा नाही.

१५ जानेवारी

कपाट गेलं. बैलगाडीत घालून, पुस्तकांसकट. मी नको म्हणत होते, प्रबुद्धनं किल्लीही देऊन टाकली.

१७ जानेवारी

तपासणी झोकात! हार, नारळ, पेढे. साहेबांनी विचारलं, वाचनालय कुणी उभं केलं? सरपंच म्हणाले, "समद्या गावानं!" टाळ्या. आम्ही दोघं तेव्हा पायरीखाली चपला राखत होतो. कार्यकर्ते ना आम्ही!

२२ जानेवारी

कपाट आणायला गेलो. सरपंच गोड हसले. "आता कागदावर देवळाचाच पत्ता लागला की गं. हालवलं तर मान्यता जाईल. तुमी या की हितं. पायरीवर बसून वाचा, वारं बी लय ग्वाड लागतं."

काय ही माया! आमचीच पुस्तकं, आणि आम्हालाच पायरी. वर वाऱ्याचं कौतुक!

प्रबुद्ध वाटभर मान खाली घालून चालला. त्याला काय काय बोलणार होते मी. त्याचं तोंड बघितलं आणि घरी नेऊन चहा पाजला.

३० जानेवारी

तानुबाई सांगत होती — देवळात सरपंचांचा पुतण्या बसतो खुर्ची टाकून, आणि वरच्या आळीच्या बायका आता उजळ माथ्यानं पुस्तकं नेतात. चला, बरं झालं! टोपलीचा भार हलका झाला.

झोप नाही रागानं.

५ फेब्रुवारी

अजून रोज संध्याकाळी विहार उघडून बसते. समोर रिकामी भिंत. पोरं येतात, बघतात, जातात. प्रबुद्ध इस्लामपुरात दुकानात काम शोधतोय. म्हणाला, "ताई, पुस्तकं न्हाईत तर दार कशाला उघडतीस? लोक हसत्यात."

खरंय त्याचं. उद्या कुलूप. वाचनालय संपलं!

६ फेब्रुवारी

कुलूप हातातच होतं. अंकिता आली. दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर. चपला काढल्या, सरळ आत येऊन सतरंजीवर बसली. पिशवीतून आमची कादंबरी काढली — देवळातून स्वतःच्या नावावर नेलेली.

"जिथलं तिथं जमा करायला आले, ताई."

मागं दारात आणखी तिघी, पदराखाली पुस्तकं.

मी म्हटलं, "अगं, तुझ्या सासऱ्यांना कळलं तर?"

"कळू द्या की. उद्या दुसरं आणते."

मला एक टोमणा सुचेल तर शपथ. रडलेच मी, त्यांच्या देखत!