खबर पुसल्याची नोंद पंचनाम्यात घेण्याबाबत

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी,
कुरमटोला वनपरिक्षेत्र, जि. चंद्रपूर

विषय : चार गावांचे व्हॉट्सॲप ग्रुप एकत्र न करणे व पंचनाम्यातील एक ओळ दुरुस्त करणेबाबत.
संदर्भ : आपली दि. १२ मेची नोटीस.

महोदय,

मी कोसमटोल्याच्या ग्रुपचा ॲडमिन आहे. मोहफुले वेचणाऱ्यांना वाघाची खबर मिळावी म्हणून चार गावांनी मिळून ग्रुप काढला, तेव्हा माणसे अडतीस होती. दोन महिन्यांत नऊशे झाली. सफारीचे जिप्सीवाले आले, फोटोवाले आले, आणि आम्ही घरी बसावे व मोहाची झाडे स्वतःला मोकळी मिळावीत म्हणून खोट्या खबरा टाकणारेही आले.

म्हणून आम्ही गावागावाचे वेगळे ग्रुप केले. गावातल्या दोघांनी हमी दिल्याशिवाय कोणाला घेत नाही. शिवाय आमच्यात रानात जाणारा वाघाचे नाव घेत नाही, 'मोठा' म्हणतो. त्यामुळे 'वाघ' लिहिणारा बाहेरचा, हे आम्ही धरून चाललो. वर्षभर एकही खोटी खबर टिकली नाही. याचा मला फार अभिमान होता.

दि. ९ एप्रिल रोजी सकाळी ग्रुपवर आले, 'तलावाच्या पाळीवर वाघ आहे.' नंबर माझ्याकडे सेव्ह नव्हता. मी शब्द पाहिला आणि कोणी वाचायच्या आत मेसेज पुसला. माझी बायको धुरपता टोपली घेऊन निघाली होती. रस्ता मोकळा आहे, असे तिला मीच सांगितले.

तो नंबर माझी सून रंजीता हिचा होता, हे नंतर तिच्या फोनमध्ये पाहिले तेव्हा कळले. ती चंद्रपूर शहरातली, फेब्रुवारीत लग्न होऊन आली. घरच्या हमीवर तिला ग्रुपमध्ये घेतले, पण 'मोठा' म्हणायचे हे तिला कोणी सांगितले नव्हते.

तेव्हापासून मला काही वाटत नाही. जेवतो, झोपतो, कामावर जातो.

आपल्या नोटिशीत सर्वांचा एकच ग्रुप व एकच ॲडमिन असावा असे आहे. एकट्याच्या बोटाने काय होते ते वर लिहिले आहे. तरी ग्रुप वेगळेच राहू द्यावेत, आणि दोघांनी खात्री केल्याशिवाय कोणतीही खबर पुसू नये असा नियम आपल्या सहीने लावावा.

धुरपताच्या मृत्यूच्या पंचनाम्यात 'कोणताही इशारा मिळालेला नव्हता' अशी ओळ आहे. तेथे 'इशारा सुनेने दिला होता, तो अर्जदाराने पुसला' असे लिहावे. गावातल्या बाया तिला विचारतात, "तू तं तलावावरच होती, मंग काऊन नाई सांगतलं?" ती खाली बघून भांडी घासत राहते. तिने अजून कोणाला काही सांगितलेले नाही, मलाही नाही.

ओळ लवकर दुरुस्त व्हावी, ही विनंती.

आपल्या हद्दीतील रहिवासी,
दिनेश कोलू मडावी
कोसमटोला, दि. १९ मे २०२५

सोबत : रंजीताच्या फोनच्या स्क्रीनचा मी काढलेला फोटो. त्यात 'ॲडमिनने मेसेज हटवला' हे वाक्य व माझे नाव दिसते.