माहेरी आलेल्या लेकीचं कलम

मुंबई

तीर्थस्वरूप अव्वा, लांबूनच तुझ्या पाया पडते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

राज्यातल्या सगळ्यांच्या औषधपाण्याचा खर्च सरकारनंच उचलायचा, अशा कायद्याचा मसुदा आम्ही करतोय. रहिवासी कोणाला म्हणायचं, ते कलम माझ्याकडे आहे. लिहायला बसले की आक्का दारात उभी राहते. निपाणीहून हुपरीला आपल्या घरी बाळंतपणाला आलेली, "कार्ड कर्नाटकचं हाय, चालत न्हाय" ऐकून दवाखान्यातून परतलेली. पोटातली रक्षिता वाचली, आक्का गेली.

मी माहेरी आलेली लेकही रहिवासी धरली. साहेब हसले, "बाई, उद्या अख्खं कर्नाटक माहेरी येईल!" आणि ओळ खोडली.

काल सासरहून, चिकोडीहून रक्षिताचा फोन आला. तिचंही कार्ड कर्नाटकचंच. "मावशी, बाळंतपणाला मी हुपरीलाच येणार की! आजीला सांगितलंय."

मला 'ये' म्हणवलं नाही. अव्वा, तू तिला काय म्हणालीस?

तुझी गिरिजा