माहूरच्या बाकड्यावरची चौथी ओळ

नांदेड, मंगळवार
(देवीचा वार मुद्दाम निवडला आहे. आता तिचाच आधार.)

तीर्थस्वरूप सौ. सरोजिनीमामीस,

आलोकचा साष्टांग नमस्कार. तुझा रक्तदाब कसा आहे? मंजुषामावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं कळलं (तुझ्याकडून नव्हे, लातूरहून येणाऱ्या प्रत्येकाला मामा गाठून विचारतात). मावशीला माझा नमस्कार सांग, आणि डोळ्यात थेंब घालताना बहिणीला जो दम देत असशील तो जरा कमी कर, तिला टाके आहेत. इकडील सर्व क्षेम. हे शेवटचं वाक्य पद्धत म्हणून लिहिलं. पण पद्धत म्हणून लिहिलेलं खोटं तुला कितपत चालतं हे गेल्या एकोणीस दिवसांत मला पुरतं कळलं आहे, तेव्हा लगेच मागे घेतो. इकडे काहीही क्षेम नाही. तू फोन उचलत नाहीस, घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलीस, मेसेजखालच्या खुणा निळ्या होत नाहीत. मग पत्र हा एकच मार्ग उरला. बंद पाकीट न फोडता तू फेकणार नाहीस एवढा भरवसा मला आहे. एकतीस वर्षं शाळेत गणिताचे पेपर तपासलेल्या बाईला कोरी उत्तरपत्रिकासुद्धा उलटून पाहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी माझ्या अभ्यासाविषयी, कारण घोळ तिथून सुरू झाला. रोमन साम्राज्याच्या लांबच्या प्रांतांचा इतिहास आणि पुरातत्त्व, हा माझा एम.ए.चा विषय. इंग्लंडातले वर्ग संपले, आता प्रबंध लिहायला तुमच्या घरी येऊन बसलो, हे तुला ठाऊकच आहे. नांदेडात मला भेटणारा प्रत्येक जण विचारतो की रोम कसं आहे. मी रोम पाहिलेलं नाही. (हे ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा पडतो.) दिल्ली न पाहता भोकर तालुक्याचा अभ्यास करावा तसं माझं काम, आणि हे वाक्यही तुझंच, मी फक्त सगळीकडे वापरतो. त्या प्रांतांत शिपाई, व्यापारी, कारकून असली साधी माणसं आपल्या बायकांच्या कबरींवर दगड लावत. त्यावर वय लिहीत, कधी कधी वर्षं-महिने-दिवसांसकट. खाली, लावणाऱ्याचं नाव. आणि मध्ये एक ठरलेली ओळ बऱ्याच दगडांवर असते: हिच्यासोबत इतकी वर्षं कसलीही तक्रार न होता राहिलो. मी असे दोनशे चौदा दगड गोळा केले आहेत, म्हणजे त्यांचे फोटो. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण फक्त या एका ओळीवर आहे, आणि ती मला, खरं सांगतो, फार आवडायची. दोन हजार वर्षांपूर्वीचा कुणी धान्याचा व्यापारी पावसाळी गावात बसून बायकोविषयी असं लिहितो, हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं आहे. वाचनालयात आलं, लोक बघत होते.

आता बाकडं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मामांना माहूरला पायऱ्यांच्या अलीकडे टेकायला जागा मिळाली नाही, तेव्हाच त्यांनी देवीपुढे कबूल केलं की इथे सिमेंटचं बाकडं बसवीन. लग्नाचा बेचाळिसावा वाढदिवस गाठून बसवायचं ठरलं. बाकड्याच्या पाठीवर संगमरवरी फरशी, फरशीवर मजकूर, आणि घरात मजकुराचा जाणकार म्हणून मी. (घरात दगडांवर पदव्युत्तर शिक्षण घेणारा माणूस असताना बाहेरून मजकूर आणणं मामांना कमीपणाचं वाटलं.) तुला दाखवून घेऊ असं मी एकदा म्हणालो होतो, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेव. मामा म्हणाले, नको, तिला एकदम तिथेच दाखवू, खूश होईल. मजकूर तुझ्या डोळ्यांसमोर असेलच, तरी पुरावा म्हणून पुन्हा उतरवतो:

थांब वाटसरा, घडीभर टेक.
रेणुकादास, वय ६८ वर्षे ४ महिने ११ दिवस, रेल्वेत सेवा ३६ वर्षे,
यांनी हयात असतानाच आपली अत्यंत प्रिय पत्नी सरोजिनी, वय ६५ वर्षे,
जिच्यासोबत ४२ वर्षे कसलीही तक्रार न होता संसार केला,
तिच्यासाठी हे बाकडे बसविले. देखरेख : वारस आलोक.

फरशी कोरणारे वीरण्णा यांनी हे दोनदा वाचलं. त्यांच्याकडे ‘कै.’ आणि ‘यांच्या स्मरणार्थ’ एवढं आधीच कोरलेल्या, मधली जागा मोकळी सोडलेल्या फरश्या भिंतीला लावून ठेवलेल्या असतात (रोमन कारागीरही असंच करत, मी त्यांना सांगितलं, त्यांना विशेष वाटलं नाही). त्यांनी एवढंच विचारलं की यातलं गेलंय कोण. कुणी नाही म्हटल्यावर त्यांनी मजकूर तिसऱ्यांदा वाचला आणि मग ते कामाला लागले.

त्या दिवशीचं मी तुला काय सांगावं. तरी सांगतो, कारण मी उभा होतो त्या बाजूने ते कसं दिसलं हे तुला माहीत नाही. मामांनी फरशीवरचा रुमाल काढला. तू चष्मा लावलास. पहिली ओळ वाचून हसलीस. तिसऱ्या ओळीवर, तुझं वय उघड्यावर आलेलं बघून, माझ्याकडे एक नजर टाकलीस, आणि मला वाटलं की संपलं, एवढ्यावर भागलं. चौथ्या ओळीवर तू थांबलीस. पुन्हा वाचलीस. मग हातातला नारळ माझ्या हातात दिलास आणि अगदी हळू म्हणालीस, “आलोक, मी तक्रार केली. बेचाळीस वर्षं केली. यांनी ऐकली नाही ते वेगळं. पण मी केलीच नाही, असं दगडावर लिहायचं?” आणि खाली जाऊन नांदेडच्या एस.टी.त बसलीस, तिथून परस्पर लातूर. मामा विचारत राहिले की पेढे कुणाला वाटायचे. शेवटी मीच वाटले. लोकांनी अभिनंदन केलं, मी ते घेतलं.

त्यानंतरचे हाल. फरशीचा फोटो ग्रुपवर फिरला. भोकरच्या व्यंकटरावांनी फक्त वर्षं-महिने-दिवस आणि ‘वारस’ एवढंच पाहिलं आणि मामा गेले असं धरून सुतकाची आंघोळ उरकली, तीही गार पाण्यानं. मग आम्हाला धीर द्यायला फोन केला, तो मामांनीच उचलला. व्यंकटराव लई बेजार झाले. मरायचं नव्हतं तर असले फलक लावून काय करून राहिलात, असं त्यांनी मामांना विचारलं आणि अजून बोलत नाहीत.

मामांना त्याचं काही नव्हतं. ते फोनमधला तो फोटो दोन बोटांनी मोठा करायचे, चौथ्या ओळीवर आणून ठेवायचे, आणि तसेच बसायचे. मी समजावलं. म्हटलं, मामा, ती नुसती पद्धत असते, सगळ्यांनीच लिहिली, तिचा अर्थ शब्दशः घ्यायचा नसतो; माझं तिसरं प्रकरण हेच म्हणतं. मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की त्या दोनशे चौदा बायकांपैकी कुणी हरकत घेतली का. मी म्हटलं, कशी घेणार, दगड लागला तेव्हा त्या वारलेल्या होत्या. एवढं बोललो आणि, मामी, माझं तिसरं प्रकरण तिथेच बसलं. दीड वर्षं मी ती ओळ नवऱ्यांच्या बाजूने वाचत होतो. एकाही बाईला मजकूर आधी दाखवलेला नव्हता. चष्मा लावून, स्वतःच्या पायांवर उभं राहून ती ओळ वाचणारी मला माहीत असलेली पहिली बाई तू, आणि तू एस.टी. धरलीस. मला माझी लाज वाटली. अजून वाटते.

दोन दिवसांनी मामांनी पेपरमधून डोकं वर काढून विचारलं, “ती तक्रार करायची तेव्हा मी काय करत होतो रे?” मी काही बोलायच्या आत त्यांनी हातातल्या पेपरकडे पाहिलं आणि घडी घालून ठेवून दिला. तेव्हापासून घरात पेपर येतो आणि तसाच पडतो.

मग आम्ही वीरण्णांकडे गेलो. ते म्हणाले, दगडावरचं खोडायला रबर नसतंय. एक तर फरशी उलटी लावा, नाहीतर छिन्नी मारा. रोमन लोक दोन्ही करत. मी उलटी लावू म्हणालो, कुणाला कळणार नाही. मामा म्हणाले, कळू दे. परवा पहाटेच्या गाडीने वीरण्णांना घेऊन माहूरला गेलो. छिन्नी मामांनी स्वतः मारायची असं ठरलं होतं. त्यांनी पहिला घाव चुकून माझ्या नावाशेजारी घातला (‘वारस आलोक’मधलं ‘वारस’ आता वाचता येत नाही, ते योग्यच झालं), दुसरा अंगठ्यावर. पुढचं वीरण्णांनी केलं. चौथ्या ओळीच्या जागी आता हातभर लांब खरबरीत पट्टा आहे. मला वाटलं, झालं, आता परत जाऊ. पण मामा अंगठ्याला रुमाल बांधून बाकड्यावर बसून राहिले. येणारा-जाणारा थांबायचा, कारण पहिलीच ओळ त्याला थांब म्हणते, आणि विचारायचा की इथलं काय खरवडलंय. तू जाणतेस, हा माणूस रेल्वेत छत्तीस वर्षं चूक झाली असं म्हणाला नाही, चौकशीला पाठवू म्हणाला. मामी, त्यांनी प्रत्येकाला उत्तर दिलं: “एक ओळ खोटी होती, काढली.” दुपारपर्यंत. एका म्हातारीने खोलात जाऊन विचारलं, तर तिला पूर्ण ओळ सांगितली. ती हसली नाही. शेजारी बसली आणि पाय चोळत राहिली.

उतरताना मी विचारलं की रिकाम्या जागेत काय कोरायचं. ते म्हणाले, मी लिहिणार नाही, तिला विचार. आणि मग, मी काही न विचारता म्हणाले, “पहिली तक्रार मला ठाऊक आहे. औरंगाबादचं पत्र.” तुला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाल्याचं, लग्नाच्या वर्षी आलेलं, पुढच्या वर्षी बघू म्हणून राहिलेलं. मला दहावीपासून तुम्ही वाढवलंत, इंग्लंडला जायचा फॉर्म तू रात्री बसून भरून घेतलास, आणि या पत्राबद्दल मला कधी कळलं नाही. मोठ्यांना आज्ञा करू नये, पण तू घरी ये.

तुझा (वारस नसलेला)
आलोक

ता.क. — दुसऱ्या प्रकरणात अडलो आहे. त्या दगडांवरची वयं पाचाने आणि शून्याने संपणारी फार निघतात. म्हणजे लोकांना खरं वय माहीतच नव्हतं, अंदाजे ठोकून दिलं. ‘फार’ म्हणजे नेमकी किती जास्त, हे आकड्यांनी सिद्ध कर असं माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक बाई म्हणतात. मी कलाशाखेचा. पंधरा दिवस तू शेजारी बसलीस तर होईल. त्यावर पुढे लेख निघाला तर नावं दोघांची, आणि तुझं आधी. ही दया नव्हे, मला खरोखर येत नाही.

ता.क. २ — वरचं सगळं निम्म्या जागेत सांगता आलं असतं. मुद्दाम लांबवलं. पत्र पोस्टाने आलेलं नाही हे तू पाहिलंच असशील. ज्याने आणून दिलं तो अजून मावशीच्या दारात उभा असेल. मी त्यांना बजावलं आहे की तू शेवटच्या ओळीपर्यंत वाचेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. पत्रात काय आहे हे त्यांना माहीत नाही. तुला घेऊन ये असंही मी सांगितलेलं नाही. ते ऐकायला आले आहेत. गुडघा दुखत असेल, ते सांगणार नाहीत, तेव्हा खुर्ची दे. आणि मग, पहिली तक्रार त्यांना पाठ आहे, तू दुसरीपासून सुरू कर.