वनिताच्या कामाचा दाखला

३ फेब्रु., सोम.

जेवणाच्या सुट्टीत वनिता ऑफिसात आली. ऑफिस म्हणजे वर्कशॉपच्या कोपऱ्यातलं आपलं टेबल, पंखा आणि बिलांचं कपाट. "काका, एक लेटर पायजे होतं, तुमच्या लेटरहेडवर." मला वाटलं बँकेसाठी असेल. निघालं कॅनडासाठी! तिकडे लोखंड कातायचा लेथ चालवणारे कमी पडतात म्हणे. रायपूरच्या एजंटानं सांगितलंय की आठ वर्षांच्या कामाचा दाखला मालकाकडून हवा. म्हटलं, त्यात काय, परवा घे.

ती गेल्यावर लक्षात आलं. ही गेली तर...

दोन चहा जास्त झाले.

५ फेब्रु., बुध.

दाखला दिला. "कु. वनिता आमच्या वर्कशॉपमध्ये आठ वर्षांपासून काम करीत असून त्यांची वर्तणूक उत्तम आहे. त्या वेळेवर येतात. त्यांच्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा." इंग्रजीत केला, शिक्का दोनदा मारला. पहिला पुसट आला होता.

चारला एजंटाचा फोन. "अंकल, ये शादी का बायोडाटा है क्या?" त्याला हवंय ते वेगळंच. पोरगी रोज नेमकं काय करते, कोणत्या मशीनवर, आठवड्याला किती तास, कोणाच्या देखरेखीखाली. सौ.ला सांगितलं तर ती पोळ्या सोडून हसत बसली.

८ फेब्रु., शनि.

वही घेऊन दिवसभर लेथजवळ बसलो. वनिता म्हणाली, "काका, तुमी असे समोर बसले तं माह्यं ध्यान हटून राहिलं." हटत वगैरे काही नव्हतं. ड्रॉइंग वाचणं, टूलला धार लावणं, लोखंडाचा जॉब मशीनला बांधणं, कट देणं, मायक्रोमीटरनं मोजणं, पुन्हा कट. मधेच बिघडलेला बेल्टही तिनंच बसवला. दुपारपर्यंत तीन पानं भरली.

'देखरेख' या रकान्यात माझं नाव लिहायला लागलो आणि थांबलो. दिवसभरात मी काय देखरेख केली? दोनदा विचारलं, "झालं का?"

९ फेब्रु., रवि.

आज स्वतःशी खरं लिहून टाकतो. पाच वर्षांपूर्वी डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून मी लेथला हात लावलेला नाही. पण कुम्हारीच्या साहूजींना, म्हणजे आपल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाला, दर वेळी सांगतो, "शेवटचा कट माझाच असतो." त्यांच्या पंपांच्या शाफ्टमध्ये, म्हणजे फिरत्या दांड्यांमध्ये, केसाच्या निम्म्याएवढाही फरक चालत नाही. "आपका हाथ है भैया," म्हणतात, आणि मी मान डोलावतो. शेवटचा कट वनिताचा. पहिलाही तिचाच.

१३ फेब्रु., गुरु.

नवा दाखला तीन पानांचा. देखरेखीच्या रकान्यात लिहिलं, "स्वतंत्रपणे." एजंट खूश. पण खुशी संपायच्या आत दुसरी मागणी. एखाद्या गिऱ्हाइकाचंही पत्र हवं, की हे काम हीच बाई करते. त्याशिवाय फाइल कच्ची.

गिऱ्हाईक म्हणजे साहूजीच. बाकीचे दोन-चार बुश, म्हणजे धातूच्या पोकळ कड्या, बनवून नेणारे, त्यांना लेटरहेड कुठलं?

मी टेबलावरची बिलं सारखी करायला लागलो तर वनिताच म्हणाली, "साहूजींचं राहू द्या काका. एजंटाले सांगतो, नाई मिळत म्हणून." म्हणजे तिला ठाऊक आहे, मी तिथे काय फुशारक्या मारतो ते. माझी लाज राखायला पोरगी स्वतःची फाइल कच्ची ठेवायला तयार झाली. फार वाईट वाटलं.

१४ फेब्रु., शुक्र.

सौ.ला सगळं सांगितलं. "इतके वर्ष त्या पोरीनं तुमचं नाव चालवलं. आता तिचं नाव सांगाची पाळी आली तं कावून मांगं सरकून राहिले जी?" मी ताटावरून उठलो. बरोबर बोलली म्हणूनच राग आला. थोड्या वेळानं परत येऊन बसलो, भाताला कोण सोडतं.

१७ फेब्रु., सोम.

स्कूटरनं कुम्हारीला गेलो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. "साहूजी, बात ऐसी है कि..." हेल्मेटमध्ये स्वतःचाच आवाज घुमत होता. इथून बोरसीहून निघालो ते वाटेतलं चरोदा येईपर्यंत तीनदा वाटलं, पंक्चर व्हावं. टायर नवे घातलेत, कुठलं व्हायला.

साहूजींनी चहा मागवला. मी कप हातात न घेताच सांगून टाकलं. शाफ्ट मी करत नाही, पाच वर्षांपासून करत नाही, वनिता करते.

साहूजी कागद चाळत होते. मान वर न करता म्हणाले, "हमको मालूम है भैया. मैडम छुट्टी पे रहती है तो हम माल भेजते ही नहीं."

दरवर्षी दिवाळीनंतर आठवडाभर मंदी असते असं मी समजत होतो! सौ.ला सांगायचो, बाजार थंड आहे. बाजार कसला थंड, वनिता आत्याकडे गोंदियाला जायची.

पत्र त्यांनी तिथल्या तिथे टाइप करून घेतलं. माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं. परतताना एकटाच हसत होतो, शेजारचा ट्रकवाला बघत होता.

वनिताला सांगितलं. तिनं माझ्याकडे न बघता टूल पुसला. "साहूजी मलेच फोन करून विचारतात ना काका, मॅडम, वापस कवा येऊन राहिल्या."

म्हणजे मी सोडून सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. छातीवरचा धोंडा उतरला मात्र.

२५ फेब्रु., मंगळ.

फाइल गेली. वनिताचे वडील, रेल्वेतून रिटायर झालेले, जिलेबी घेऊन स्वतः आले. माझे हात धरून उभेच राहिले. म्हटलं, जिलेबी गरम आहे, घ्या.

११ मार्च, मंगळ.

वनिताच्या जागी लेथवर नवा टर्नर शोधतोय. दोघे येऊन गेले. एकानं मशीनकडे बघून विचारलं, "ये अभी भी चलता है?" दुसऱ्याला वनितानं एक बुश करायला दिला. मोजून पाहिला आणि म्हणाली, "दादा, हा पेपरवेट म्हणून ठेवा." तो चिडून गेला. मी तिला रागावलो, कारण रागवायला हवं होतं. बुश खरोखर टेबलावर ठेवलाय, बिलं उडत नाहीत.

२२ एप्रिल, मंगळ.

अकराला फोन आला, अनोळखी नंबर. कॅनडाच्या इथल्या व्हिसा ऑफिसातून बाई बोलत होत्या, हिंदी येत होती त्यांना. तुमच्याकडे अमुक बाई कामाला आहेत का, केव्हापासून, कोणतं मशीन, किती तास. वही काढून सगळं सांगितलं. बाहेर लेथ चालू होता, त्याचा आवाज त्यांनाही जात असणार.

मग त्यांनी विचारलं, उद्या ती आली नाही तर तिचं काम कोण करेल?

"कोणीही करेल, मी आहे ना," अगदी ओठांवर आलं होतं. मालकानं असंच म्हणायचं असतं. शिवाय तेवढं म्हटलं असतं तर बाईंनाही वाटलं असतं की हे काम काही विशेष नाही, आणि पोरगी इथेच राहिली असती. हे माझ्या डोक्यात आलं. आलं हे लिहून ठेवतो.

म्हणालो, "कोई नहीं."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. मग धन्यवाद, आणि फोन बंद.

वनिता दारात उभी होती, हाताला तेल. "काय विचारत होते काका?"

"तू काय काम करतेस ते."

"मंग, काय सांगतलं?"

"जे आहे ते."

ती मशीनवर परत गेली. एजंट म्हणतो, कळायला महिना लागेल, नाहीतर सहा. मी दुपारभर ऑफिसातच बसून होतो. तिचा व्हिसा यावा, असं मला मनापासून वाटतं. फक्त उद्याच यावा असं वाटत नाही.