पाय जमिनीला टेकले पाहिजेत

जे. पी. नगर, बंगळूर
नोव्हेंबर १९९४

प्रिय वन्सं,

तुमचं कार्ड पोचलं. अंजलीच्या लग्नाला प्रकृतीमुळे येणं होणार नाही असं लिहिलंत. ते वाचून उमाकांत दिवसभर माझ्यावर धुसफुसत होता. ज्या आत्याने त्याला कडेवर घेऊन वाढवलं, ती त्याच्या मुलीच्या लग्नाला येत नाही म्हणजे आईच्याच जिभेने कधीतरी काहीतरी केलं असणार, असं त्याच्या डोक्यात पक्कं आहे. ते राहू दे. आधी बातमी ऐका. आपल्या घरात कमोड बसला! आज सकाळी पहिल्यांदा पाणी सोडलं आणि असा काही आवाज झाला की मी दोनदा, तीनदा सोडून बघितलं. शेवटी वेदिका म्हणाली, सासूबाई, टाकी रिकामी कराल. हे सगळं तुम्हाला नीट सांगायचं होतं. सूनबाईला पत्र सांगायला बसलं तर ती तीन ओळींत आटपते, म्हणून मीच पेन धरलं आहे. अक्षर तिसरीपर्यंतचं आहे, जुळवून वाचा.

झालं असं की मी उमाकांतला म्हटलं, माझे गुडघे गेले, मला आता खाली बसवत नाही. पोरगं आज्ञाधारक, लगेच कल्लाप्पा गवंड्याला घेऊन आला. आपला जुना संडास तुम्हाला आठवत असेलच, दोन पायऱ्या चढून त्या एवढ्याशा ओट्यावर बसायचं. कल्लाप्पा म्हणाला, अज्जी, ओटा कशाला फोडायचा, त्याच्यावरच भांडं ठेवतो, सिंहासन होईल. मी म्हटलं, मला राज्याभिषेक करून घ्यायचा नाही, ओटा काढ, पाय जमिनीला टेकले पाहिजेत. उमाकांत मध्ये पडला. आई, तू ताडासारखी उंच, ओट्यावरूनसुद्धा तुझे पाय खाली पोचतील. मी म्हटलं, म्हातारपणी माणूस आखडतं. तेव्हा त्याने कल्लाप्पाला ओटा फोडायला सांगितलं. इंजिनियर असला म्हणून काय झालं!

ओटा फोडायला, नळी खाली घ्यायला आणि फरशी करायला आठ दिवस गेले. तेवढे दिवस आमची सगळी वरात शेजारच्या गुरुप्रसादकडे. उमाकांत ऑफिसचे बूट घालून, डबा हातात घेऊन त्यांच्या दाराशी उभा, आणि आत मी. गुरुप्रसादची आई रोज बाहेरून विचारायची, अक्का, मुगीता? म्हणजे झालं का. मी म्हणायची, सुखाने होऊ दिलंत तर होईल.

पण खरी लढाई भांडं बसवताना झाली. फरशी जाळीकडे उतरती, त्यामुळे भांडं एका अंगाला डुलायचं. कल्लाप्पाने खाली टाइलचा तुकडा सारला आणि हात झटकले. मी दोन्ही हातांनी धरून हलवलं, तर बैलगाडीसारखं हललं. काढ म्हटलं. तो म्हणतो, स्वल्पच हलतंय अज्जी, भोवती सिमेंट भरलं की गप्प बसेल. मी म्हटलं, तुझ्या अज्जीला बसव त्याच्यावर आणि मग मला स्वल्प शिकव. पुटपुटला, पण त्याने भांडं उचललं, खाली सिमेंट पसरून पातळी साधली, खुणा करून चार भोकं पाडली, स्क्रू धरून ठेवायला त्यांत लाकडी गट्ट्या ठोकल्या. मग स्क्रू आवळले, तेही एक इकडचा, एक तिकडचा, थोडे थोडे. एकच आधी गच्च आवळला तर चिनी माती तडकते म्हणे. मी स्टूल टाकून शेजारीच बसले होते. शेवटी कडेने पांढरं सिमेंट भरलं आणि दोन दिवस कुणी बसायचं नाही म्हणून सांगून गेला. मी दाराला कुलूप घालून किल्ली कमरेला लावली. या घरात कुणाचा भरवसा नाही.

आज कुलूप काढलं आणि भांडीवाल्या सकवारबाईला हाक मारली. ती माझ्या खांद्यालाही लागत नाही. म्हटलं, बस. ती म्हणाली, इश्श आजी, लुगड्यासकट? मी म्हटलं, मग काय आरती करणार आहेस? बसली बिचारी, डोळे मिटून, देवळात बसल्यासारखी. दोन्ही पाय सपाट टेकले! मी तिला इकडून ढकललं, तिकडून ढकललं. ती हलली, भांडं केसभर हललं नाही. वेदिका हसून हसून भिंतीला टेकली. म्हणाली, सासूबाई, बसायचं तुम्हाला आणि माप सकवारबाईचं? मी म्हटलं, तू चहा टाक.

वन्सं, माझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. अंजलीचं लग्न ठरलं त्या दिवसापासून मी लंगडते आहे, कधी डाव्या पायाने, कधी उजव्या. कुणाच्या लक्षात आलं नाही. सकवारबाई तुमच्या उंचीची आहे. दोन वर्षांपूर्वी त्या दुपारी मी तुम्हाला त्या ओट्यावरून काखेत धरून उचललं, लुगडं बदललं, आणि दुसऱ्या दिवशी इथलं पाणी बाधलं म्हणून तुम्ही निपाणीची गाडी धरलीत. सगळ्यांना वाटतं आपलं वाजलं. वाटू दे, माझं तोंड तसं आहेच. मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, तुम्हीही माझ्यापाशी तो विषय काढायचा नाही. भिंतीत उजव्या हाताला धरायला दांडी बसवली आहे, आणि कडी बाहेरूनही उघडेल अशी केली आहे. लग्न नऊ डिसेंबरला आहे, तुम्ही पाचला या, उमाकांत स्टँडवर येईल. उत्तरात नुसतं "येते" लिहा. दुसरं काही लिहू नका, तुमचं कार्ड तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतो.

तुमचीच,
तोंडाळ वहिनी