आरागिरणीतला माझा अर्धा वाटा

मी, खाली सही करणारी, आरागिरणीची अर्धी मालकीण, कै. थोरल्या मालकांची पत्नी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून लिहीत आहे. यासाठी माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. उलट ‘असलं अभद्र कशाला लिहितेस’ असा दबाव सगळ्यांनी आणला, तो मी जुमानला नाही. वकिलांनी तयार मसुदा दिला होता. त्यात ‘माझी प्रकृती ठणठणीत असून’ असं वाक्य होतं. ठणठणीत असते तर वकील कशाला बोलावला असता? ते वाक्य मी खोडलं आहे.

प्रकृतीचं म्हणाल तर पुढच्या आठवड्यात डॉक्टर माझी छाती उघडणार आहेत. छातीचं हाड करवतीने मधोमध चिरतात, आतलं काम उरकतात आणि पुन्हा तारेने बांधून टाकतात. मी विचारलं, “करवतीला धार कोण लावतं?” डॉक्टर हसले. यात हसण्यासारखं काय होतं? पातं बोथट असलं की लाकूड कापलं जात नाही, जळतं, हे मी रोज बघते. मग मी दात किती बारीक आहेत ते विचारायला लागले, तेव्हा मुलाने दंडाला धरून मला बाहेर काढलं. वाचले तर उत्तमच. नाही वाचले तर खालीलप्रमाणे व्हावं.

कलम एक. राहतं घर, भांडीकुंडी आणि बँकेतलं जे काय असेल ते मुलाला. घराच्या दारांना हात लावू नये. मुलाच्या स्वतःच्या घरातली कपाटं भुसा दाबून केलेल्या फळ्यांची आहेत. भुसा आमच्या गिरणीतून लोक पोत्याने फुकट नेतात. माझा मुलगा त्याला गोंद लावलेला विकत घेतो आणि पाण्याचा थेंब पडला की फुगलेल्या कपाटाकडे बघत बसतो. मुलगा गुणी आहे, माझी काळजी घेतो, फक्त लाकडाचं त्याला काही म्हणता काही कळत नाही. गिरणी मोडून जागेवर सहा मजले उठवावेत असं त्याच्या मनात आहे. नकाशाही काढून ठेवलाय. मी शस्त्रक्रियेला हो म्हणायच्या आधीच काढलाय, हे इथे नमूद करते.

कलम दोन. म्हणून गिरणीतला माझा अर्धा वाटा मी माझ्या धाकट्या जावेला देत आहे.

हे वाचून मुलगा खुर्चीतून पडेल, आणि पडावं. कारण माझं आणि तिचं बोलणं नाही हे सगळ्या रस्त्याला माहीत आहे. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघांनी मिळून गिरणी उभी केली आणि एकामागोमाग एक निघून गेले. आम्ही दोघी राहिलो. ऑफिसात दोन टेबलं आहेत, आम्ही पाठीला पाठ लावून बसतो आणि आमच्यामध्ये आरा चालवणारा मिस्त्री निरोप पोचवतो. “मिस्त्री, त्यांना सांगा, पंखा कमी करा.” “मिस्त्री, त्यांना सांगा, शाल पांघरा.” बिचारा हातभर अंतरावर उभा राहून आम्ही दोघींनी ऐकलेलं पुन्हा एकदा सांगतो.

भांडण एका सागाच्या ओंडक्यावरून झालं. दोघा माणसांच्या कवेत न मावणारा, सरळसोट, गाठ म्हणून नाही. वाचनालयाच्या दारांची ऑर्डर होती. माझं म्हणणं, सरळ एकाखाली एक फळ्या काढाव्यात, लाकूड वाया जात नाही. ती म्हणाली, असल्या फळ्यांतल्या कडेच्या वाळल्या की पन्हाळीसारख्या वाकतात. आधी ओंडक्याच्या चार फोडी करा, मग प्रत्येक फोडीतून फळ्या काढा, म्हणजे रेषा उभ्या येतात आणि दार जन्मात हलत नाही. फळ्या कमी मिळतील, पण मिळतील त्या सोन्यासारख्या. मी बुंध्याकडच्या तोंडावर खडूने माझ्या रेघा मारल्या आणि घरी गेले. तिने शेंड्याकडच्या तोंडावर तिच्या मारल्या. मिस्त्री दोघींचाही इमानी नोकर. त्याने अर्ध्यापर्यंत माझ्या रेघांनी चिरलं, पातं मागे घेतलं, ओंडका फिरवला आणि उरलेलं तिच्या रेघांनी चिरलं. मधोमध दोन्ही चिरा एकमेकींना भेटल्या आणि सोन्यासारख्या लाकडाच्या पाचरी होऊन जमिनीवर पडल्या. “दोघींचंही ऐकलं,” तो म्हणाला. त्या दिवशी मी तिला जे बोलले आणि ती मला जे बोलली ते कायदेशीर कागदावर लिहिता येत नाही.

मी चुकले होते का? मुळीच नाही. आजही तो ओंडका समोर आला तर मी सरळच चिरीन. पण माझ्यामागे ही गिरणी चालू ठेवील असं माणूस एकच आहे आणि ती ही बया आहे. ओल्या लाकडाचा नुसता वास घेऊन ते कधी वाळेल हे ती सांगते. तिच्या एकटीच्या अर्ध्या वाट्यावर गिरणी टिकणार नाही; मुलगा दुसरा अर्धा विकणार आणि आरा भंगारात जाणार. ते मला सहन होणार नाही, मेल्यावरसुद्धा.

कलम तीन. मागच्या शेडमधली फळ्यांची थप्पी कोणीही उपसू नये. दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घातल्यात त्या वारा खेळावा म्हणून, शोभेला नाहीत. फळ्यांची टोकं रंगवलीत ती तडकू नयेत म्हणून. माझ्या भाच्याने मागे अशीच एक थप्पी अर्धओली पळवून नव्या घराची दारं केली. हवेत ओल आली, दारं फुगली, आणि वास्तू बघायला आलेले त्याचे साहेब न्हाणीघरात अडकले. आतून साहेब, बाहेरून भाचा, दोघंही दार ढकलत होते, आणि दार आत उघडणारं होतं. त्या भाच्याला मी माझा जुना रंधा देत आहे. दारं तासायला होईल.

कलम चार. मिस्त्रीला माझी खुर्ची, रेडिओ आणि कानशी. यापुढे कोणाचेही निरोप पोचवण्याचं बंधन त्याच्यावर नाही.

कलम पाच. मला विजेच्या दाहिनीत न्यावं. लाकूड वापरायचं नाही. जन्मभर जपून वाळवलेलं लाकूड माझ्यासारख्या कजाग बाईवर जाळणं म्हणजे निव्वळ नासाडी.

कलम सहा, वकिलांच्या आग्रहाखातर: वरीलपैकी जे कलम काही कारणाने बाद ठरेल त्यातली मालमत्ता मुलाला जावी.

सही: गिरणीच्या मालकीणबाई
साक्षीदार पहिला: समोरचा खिळेवाला
साक्षीदार दुसरा: धाकटी जाऊ

दुसऱ्या सहीचा खुलासा इथेच करते. आज वकिलांनी गिरणीच्या ऑफिसातच सगळी कलमं मोठ्याने वाचून दाखवली. ती पाठमोरी बसली होती. कलम दोनला तिच्या टेबलावरचा कागदांचा आवाज थांबला. मी सही केली, खिळेवाल्याने केली. दुसरा साक्षीदार शेजारचा टायरवाला व्हायचा होता; त्याचे हात काळेकुट्ट होते म्हणून तो नळावर धुवायला गेला. तेवढ्यात ती उठली आणि तिने वकिलांच्या हातातलं पेन घेतलं.

वकील म्हणाले, “बाई, तुम्हाला वाटा मिळतोय. ज्याला मिळतं त्याने साक्ष घालायची नसते. सही केलीत तर तुमचा वाटा गेला म्हणून समजा.”

“नक्की जातो ना?”

“जातो.”

“मग कागद द्या इकडे,” म्हणून तिने सही ठोकली. मिस्त्री सवयीने पुढे झाला. तिने त्याला हाताने बाजूला केलं आणि थेट माझ्याकडे बघून बोलली.

“जाऊबाई, आता गिरणी तुमच्या मुलाच्या घशात गेली. सहा मजले होऊ द्यायचे नसतील तर मरू नका.”

मी म्हटलं, “अगं, ते काय माझ्या हातात आहे?”

“ते मला काही माहीत नाही,” ती म्हणाली. “मला वाटा नको. मला भांडायला तुम्ही पाहिजे.”

वकील नवा कागद काढत होते. मी नको म्हटलं. हा असाच राहू दे. दवाखान्यातून आले की दोघी मिळून फाडू. अक्षर बिघडलंय त्याबद्दल माफी असावी; ती रडते आहे आणि मीही.

स्थळ: गिरणीचं ऑफिस, दोन्ही टेबलांच्या मधे.
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा गुरुवार.