गयेला सोडलेलं केळं

॥ श्री ॥

आदिलाबाद,
गुरुवार, ता. ९ जानेवारी २०२५
पौष शुद्ध दशमी

चि. सौ. चंचल हिला अक्काचा आशीर्वाद. अमृतरावांना नमस्कार सांग.

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे कागद बाजूला ठेवू नकोस. सहा वर्षांनी लिहिते आहे. फोन करता आला असता, पण फोनवर मी दोन वाक्यांनंतर हवापाण्यावर गेले असते. कागदावर खोडलं तरी खोडलेलं दिसतं, म्हणून कागदच बरा.

थंडी यंदा फार आहे. तुमच्या भीमपूरला पैनगंगेच्या काठी तर आणखीच असेल. सकाळी नळाचं पाणी हाताला लागलं की बोटं आपली राहत नाहीत. पंकज हैदराबादलाच आहे, आठवड्याला फोन करतो. तुझ्या भाऊजींचे गुडघे दुखतात, तरी दुकान सोडवत नाही. मी बरी आहे. म्हणजे आता बरी आहे.

मागच्या महिन्यात सफला एकादशीला मी देवघरासमोर पडले. आरतीसाठी उठायला गेले आणि पाय माझे नव्हतेच. त्याआधी पंधरा दिवस पोटऱ्यांत गोळे येत होते. छातीत मधूनच धडधड व्हायची आणि मधूनच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटायचा. मी म्हटलं, उपासानं होत असेल. तुझ्या भाऊजींनी ऑटो बोलावला आणि मला सरकारी दवाखान्यात नेऊन टाकलं. रक्त तपासलं तर पोटॅशियम निघालं दोन पूर्णांक सात. साडेतीनच्या वर पाहिजे म्हणे. बीपीच्या गोळीनं लघवीवाटे जात होतं, आणि वरून माझे सोमवार, गुरुवार, एकादश्या. जाणं चालू आणि येणं बंद. चार दिवस सलाईन लावलं आणि गोळी बदलून दिली.

हे सगळं तुला घाबरवायला लिहीत नाही. मी तिथं एक गोष्ट पाहिली, ती सांगायची आहे.

दवाखान्यात खाण्यापिण्याचं सांगायला एक मुलगी येते, प्रीती नाव. नेरडीगोंड्याची, वडील शाळेत मास्तर होते. आपल्यासारखंच बोलते. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या ताटाकडे पाहिलं. भात-वरण खाल्लेलं, अंडं परत केलेलं, आणि केळंही तसंच ठेवलेलं.

"आजी, अंडं समजलं. केळं काऊन ठेवलं?"

"मी केळं खात नाही. गयेले सोडलं."

"कितीक वर्षं झाले?"

"सहा होतील."

"बरं फळ सोडलं तुमी. जे रगतात कमी पडलं तेच."

शेजारच्या खाटेवर मंचेरियलची एक बाई होती, नवरा कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला. ती हसून म्हणाली, "आमच्या सासूनं काशीले ड्रॅगनफ्रूट सोडलं. पाह्यलंबी नव्हतं तिनं कधी."

चंचल, तुझ्या भाऊजींचं तरी काय वेगळं? गयेला पिंडदान झाल्यावर पंड्यानं विचारलं, बाबूजी कौन सा फल छोड़ेंगे, तर यांनी फणस सोडला. आदिलाबादेत फणस मिळतो कुठं? सगळे पुण्यवान असेच. मी मात्र केळं म्हणाले तेव्हा सोबतच्या बायकांनी हात जोडले. मथुराबाईंनी आवडीचं फळ सोडलं म्हणून. ते असो, त्यावर पुढं येते.

प्रीती रोज पाच मिनिटं माझ्याजवळ बसायची. ती सांगायची आणि मी पंकजच्या जुन्या वहीत लिहून घ्यायची, मला लिहिल्याशिवाय काही राहत नाही हे तुला ठाऊक आहे. शंभर ग्रॅम गरात पोटॅशियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर. चरबी जवळजवळ नाहीच. पोट साफ ठेवणारा चोथा अडीच ग्रॅम. थोडं मॅग्नेशियम. बी-सहा नावाचं एक जीवनसत्त्व, जे रक्ताला आणि मज्जातंतूंना लागतं. मी विचारलं, हे पोटॅशियम शरीरात करतं काय? ती म्हणाली, "आजी, तुमचं काळीज दिवसातून लाखभर डाव आवळते अन् सैल होते. ते सैल कायच्यानं होते मंता? ह्याच क्षाराच्या जाण्यायेण्यानं."

लाखभर वेळा. मी इतकी वर्षं जपाची माळ ओढते, लाख जप पुरा व्हायला मला महिने लागतात. आणि इथं छातीच्या आत कुणी रोजचा लाख पुरा करतं आहे, न सांगता, आणि त्याला लागणारा क्षार परसातल्या एका फळात कुणी भरून ठेवला आहे. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आजारानं नव्हे, नुसतं नवल वाटून.

मग मी तिला विचारतच सुटले. हिरवं केळं तुरट आणि पिकलं की गोड, कसं होतं? तर हिरव्यात पिठूळ अंश असतो, तो सहजी पचत नाही. जसजसं पिकतं तशी त्याची साखर होते. म्हणजे फळ स्वतःच स्वतःला शिजवतं, विस्तवाशिवाय. ज्याला ताकद लवकर हवी त्यानं पिकलेलं खावं, ज्याला साखरेची भीती त्यानं जपून खावं. आणि त्या मंचेरियलच्या बाईला केळं सक्त बंद होतं. तिची मूत्रपिंडं काम करत नाहीत, तिच्या रक्तात हाच क्षार साचतो आणि तोच काळीज थांबवू शकतो. दोन खाटा शेजारी शेजारी. एकीला जे द्यायचं तेच दुसरीपासून लपवायचं. ती माझ्या ताटाकडे बघून म्हणाली, "तुमचं तुमी सोडलं, माह्यं माह्यापासून सोडवलं."

एक दिवस प्रीतीनं केळं आडवं कापून दाखवलं. मधोमध तीन भाग, फुलासारखे. साठ वर्षं केळीचं पान, केळीचे खांब, केळ्याचा नैवेद्य करते आहे, आणि फळाच्या पोटात त्रिमूर्ती बसली आहे हे मी पाहिलं नव्हतं. त्या भागांत बारीक काळे ठिपके, ते बियांचे नुसते ठसे. उगवायची ताकद त्यांत नाही. केळीला बी लागत नाही, आईच्या बुडाशी पिल फुटतं, ते काढून दुसरीकडे लावायचं.

हे मला कुणी शिकवायला नको होतं. तुझ्या शेतातली पहिली केळ कुठून आली? आईनं आपल्या माहेरच्या परसातलं पिल ओल्या गोणपाटात गुंडाळून तुझ्या लग्नानंतर बसनं नेलं. मी तेव्हा हसले होते, आंदण म्हणून केळीचं पोर नेते म्हणून. प्रीती म्हणाली, बी नसल्यामुळे प्रत्येक नवी केळ म्हणजे तीच जुनी केळ असते, वेगळी नव्हे. मग तुझ्या शेतात आज जी उभी आहे ती आईनं हातानं पाणी घातलेलीच आहे.

इथपर्यंत लिहिलं आणि उठून चहा केला. आता लिहिते.

आई तुझ्याकडे अंथरुणाला खिळली होती. तुझा फोन आला तेव्हा माझ्या पारायणाचा चौथा दिवस होता. तू म्हणालीस, "अक्का, माय काहीच गिळत नाही. केळं कुस्करून दुधात दिलं तर दोन चमचे घेते. तुहंच नाव घेऊन राह्यली. ये." मी म्हटलं, सातव्या दिवशी समाप्ती झाली की येते. पारायण मधे सोडता येत नाही. तू म्हणालीस, "बरं."

सहाव्या दिवशी, माघी पौर्णिमेला, आई गेली. सुतक लागलं आणि पारायण तसंही मोडलं. समजलं का तुला? मी ज्यासाठी आले नाही ते मला मिळालंच नाही. पोथी अर्धी उघडी ठेवून मी बसमधे बसले. मोडायचंच होतं तर दोन दिवस आधी माझ्या हातानं मोडलं असतं, तर मी आईला दिसले असते.

आणि तेराव्याला, सगळ्या सोयऱ्यांसमोर, मी काय बोलले ते तुला आठवतं. मला शब्दन् शब्द आठवतो. "थंडीच्या दिवसात खोकलत्या माणसाले केळं चारलं. तूनंच मारलं माह्या मायले." तुझ्या हातात वाढायचं ताट होतं. तू ते खाली ठेवलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि पुन्हा उचलून वाढायला गेलीस. माझ्याही पानावर वाढलंस.

लोकांनी मान्य केलं. केळं थंड असतं, कफ करतं, सगळ्यांना ठाऊक. तुझ्या सासरच्यांनीही मान हलवली. त्यानंतर तुला किती जणांनी काय काय ऐकवलं असेल, ते मी कधी विचारलं नाही.

पुढल्या श्रावणात तू शेतातल्या केळ्यांची एक फणी पाठवलीस. ती मी मंदिरात देऊन टाकली. पुन्हा पाठवशील याची मला भीती वाटली. घेतली तर माझाच शब्द खोटा पडला असता आणि परत केली तर चार लोकांत निष्ठुर दिसले असते. म्हणून भाद्रपदात गयेला पंड्यानं विचारल्याबरोबर माझ्या तोंडून केळं आलं. त्यानंतर कुणीही विचारलं की तयार उत्तर होतं, आमच्यात चालत नाही, देवाला सोडलंय. देवाला मी काही सोडलं नव्हतं. तुझ्या दाराला बाहेरून कडी घातली आणि कुलूप देवाच्या नावाचं लावलं. सहा वर्षं लोक मला त्यासाठी नमस्कार करत होते.

दवाखान्यातून सुटायच्या दिवशी मी प्रीतीला विचारलं. कुणाचंही नाव न घेता. म्हातारं माणूस, छातीत कफ, थंडीचे दिवस, त्याला केळं दिलं तर त्यानं जीव जातो का? ती म्हणाली, "आजी, छातीत पाणी होते जंतूनं. केळ्यानं नाही. ज्याले चावता येत नाही, अन्नाची वासना नाही, त्याले मऊ काय द्यावं? सोपं, पचणारं, तरतरी देणारं. कोणी दिलं असंल तर त्यानं त्या माणसाले दोन दिवस जास्तीचे दिले असतीन."

दोन दिवस. चौथा ते सहावा. चंचल, तू चमच्यानं दोन दिवस आईला माझ्यासाठी थांबवून धरलं होतंस. आणि मी इथं सोवळ्यात बसून पानं उलटत होते.

पण हेही खोटं होईल जर मी म्हटलं की प्रीतीनं माझे डोळे उघडले. ते उघडेच होते. तेराव्याला बोलतानाच मला ठाऊक होतं. मी आले नाही हे कुणी विचारण्याआधी मला दुसऱ्या कुणाकडे तरी बोट दाखवायचं होतं, आणि सगळ्यांत जवळ तू उभी होतीस.

तुझे भाऊजी रोज म्हणतात, "गयेचा देव तुह्या खाटेपाशी पाहाले नाही येत. खा मुकाट्यानं." त्यांना वाटतं मी व्रतासाठी अडले आहे. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही, आधी तुला. हे पत्र पेटीत पडलं की त्यांना सांगणार आहे.

आता माझं मागणं. येत्या माघी पौर्णिमेला, १२ फेब्रुवारीला, आईची तिथी आहे. तुझ्याकडे जे सोयरे त्या तेराव्याला होते ते येतील. मला बोलावलंस तर मी येईन आणि त्याच लोकांसमोर सांगेन की आई केळ्यानं गेली नाही, आणि मी का आले नव्हते तेही सांगेन. नाही बोलावलंस तर एकेकाच्या घरी जाऊन सांगेन. सांगणं तुझ्या बोलावण्यावर अवलंबून ठेवत नाही. तेवढा सौदा मी आता करणार नाही.

केळ्याचं मात्र तुझ्यावर आहे. डॉक्टरांनी सांगितलं आहे की केळंच हवं असं नाही. शहाळ्याचं पाणी, डाळ, बटाटा, टमाटा यांनीही भागतं, आणि मी ते घेते आहे. उद्याच्या एकादशीला निर्जळी करणार नाही, यांना वचन दिलं आहे. तेव्हा माझ्या जिवाची काळजी वाटून काही पाठवू नकोस. दयेनं तर मुळीच नको. पण त्या केळीचं एक फळ मला तुझ्या हातचं खायचं आहे. बाजारचं दारावर रोज येतं, मी घेत नाही. तुझ्या मनात आलं तर एकच दे, फणी नको. नाही आलं तर ते बरोबरच आहे, आणि मी ते जन्मभर न खाता राहीन. तेव्हा मात्र ते खरंच सोडलेलं असेल.

थंडीत शेतावर पहाटे जात असशील तर डोक्याला बांधून जा.

तू जे म्हणशील ते ऐकून घ्यायला बसलेली, आईच्या हाकेला न आलेली,
तुझी थोरली
मथुरा